सपाता घातलेली टेबलं

एकतीस वर्षांत सिरिलने आमच्या शाळेतलं एकही बाक जागचं हलू दिलं नाही. पोरं ढकलाढकली करतात म्हणून त्याने बाकं लाकडी जमिनीला स्क्रूने पक्की पिळून टाकली होती. तो शाळेचा शिपाई, सुतार, प्लंबर, सगळंच, मी स्वयंपाकीण. माझी चूल आणि त्याची सुतारखोली यांत एकच भिंत, त्यामुळे त्याची ठाकठूक मला पाठ आहे.

यंदाच्या वसंतात तोच माणूस गुडघ्यांवर बसून ते स्क्रू उपसायला लागला, आणि तेही शीळ घालत.

झालं होतं असं. विज्ञानाची नवी बाई नेवेंका त्याला म्हणाली होती, "सिरिलकाका, मला रांगा नकोत. पोरं चौघं-चौघं एकत्र बसतील, हवं तेव्हा टेबल हलवतील, संगणकाचा पडदासुद्धा त्यांच्यामागे फिरेल."

मला वाटलं, आता हा तिला फाडून खाणार. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे शेवटचं बाक नसेल?"

"पहिलंच नाही, तर शेवटचं कुठून येणार?"

त्या दिवशी जेवताना तो मला म्हणाला, "फानी, लहानपणी मी तिच्या त्याच खोलीत चार वर्षं शेवटच्या बाकावर बसलो, खोली तापवायच्या शेगडीमागे. फळा दिसायचा नाही. सगळ्यांनी ठरवलं, पोरगं मठ्ठ आहे." इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन हे आज सांगत होता. मला त्याचा रागच आला, आणि वाईटही वाटलं.

मग तो असा काही सुटला! कपडे वाळवायच्या दोरीच्या कप्प्या छताला लावून त्याने विजेचे सॉकेट वरून खाली सोडले. पायात वायर नको. बाकांच्या जागी आणलेल्या टेबलांना असा रंग दिला की वर लिहा आणि पुसा. आठ टेबलांना चाकं लावली. शुक्रवारी पालकसभा होती. त्यांना खोली पटली नाही तर बाकं परत रांगेत, असं मुख्याध्यापिकेने स्पष्ट सांगितलं होतं.

बुधवारी चाचणी घेतली. आमची इमारत नदीकडे कललेली. आठही टेबलं आपापली निघाली आणि खिडकीखाली जाऊन थडकली. ब्रेकवाली चाकं यायला दोन आठवडे लागणार होते. सिरिल डोक्याला हात लावून बसला.

मी म्हटलं, "आयुष्यभर बूट काढून सपाता घातल्याशिवाय एका पोराला आत सोडलं नाहीस, आणि टेबलांना तेवढं अनवाणी सोडलंस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि धावतच सुटला. दर जूनला, शाळेचं वर्ष संपताना, पोरं आपल्या लोकरी सपाता शाळेतच विसरून जातात. बूट ठेवायच्या खोलीत त्यांची पेटी भरलेली असते. संध्याकाळपर्यंत चाकं निघाली आणि बत्तीस पायांत बत्तीस सपाता चढल्या. एका टेबलाच्या सपातांना तर सशाचे कान होते. ढकललं की सरकायचं, सोडलं की उभं. आम्ही दोघं म्हातारी टेबलं ढकलत खोलीभर हिंडलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

शुक्रवारी पोरं ओढ्यावरचा पूल रचत होती. टॅबलेटवर आखायचं, पडद्यावर तपासायचं, मग काड्यांनी बांधायचं. पालक भिंतीला टेकून बघत होते. एक बाप कुरकुरला, "यात पुढची बाजू कुठली?"

झिवा नावाच्या मुलीचा पूल पडद्यावर भक्कम होता, हातात मात्र सारखा वाकत होता. ती म्हणाली, "सिरिलकाकांना विचारू या." तो दारात झाडू धरून उभा होता. त्याला बोलवायच्या ऐवजी चौघांनी आपलं टेबलच त्याच्याकडे सरकवलं. ते बघून दुसरं टेबल निघालं, मग तिसरं, मग पडदा. दोन मिनिटांत सगळा वर्ग दाराशी, आणि मधोमध सिरिल, आडवी काडी कुठे घालायची ते दाखवत होता.

तोच बाप टाचा उंचावून म्हणाला, "जरा मोठ्याने सांगा की, इथे मागे ऐकू येत नाही."

सिरिल थांबला. "या खोलीत मागे असं काही नाही," तो म्हणाला. "खुर्ची उचला आणि या."

बापाने खुर्ची उचलली. पुढे खोली अशीच ठेवायची का म्हणून मतं मागितली तेव्हा त्याचाही हात वर होता. मी ॲप्रनने डोळे पुसत होते, सांगायला कसली लाज.