उजेडानंतरचा दणका

डिलाईल रोडच्या आसपास राहणाऱ्यांनो, आज पहाटेचा दणका तुम्हीही ऐकलात ना?

पाणी आलं म्हणून मी चाळीच्या गॅलरीत पिंप भरत होते. माझे सासरे, अण्णा, शेजारी उभे होते. त्यांचं आयुष्य गिरणीत लूमच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे त्यांना अजिबात ऐकू येत नाही. अचानक आकाशात दिवसासारखा उजेड पडला, कठड्याची सावली भिंतीवरून सरकत गेली आणि पुन्हा काळोख झाला.

मिनिटभर काहीच नाही. मग दणका. काचा थरथरल्या. मला वाटलं, चाळ गेली. अण्णांनी कठडा घट्ट धरला होता. "काय पडला गो?" त्यांना कानाने नाही, हाताने कळलं होतं.

दुपारी मोबाईलवर वाचून मी कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. उल्का होती. ती आवाजापेक्षा कितीतरी जास्त वेगाने येते, समोरची हवा दाबली जाते आणि तोच धक्का मागून, आवाजाच्या सावकाश गतीने खाली पोचतो. म्हणून उजेड आधी, दणका नंतर.

अण्णांनी दोनदा वाचलं. "नंतर म्हणजे किती वेळान?"

उल्का किती लांब होती त्यावर ते असतं. मी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं.

आत्ता तिन्हीसांजेला मी ट्यूबलाईट लावली. अण्णांनी लगेच भिंतीला तळहात टेकवला आणि ते डोळे मिटून थांबले.

त्यांना समजवायचं सोडून मीही श्वास रोखून उभी राहिले. किती वेळ थांबायचं असतं, कोणी सांगेल का?