शाई माझी, अक्षर बाईंचं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. खोकल्याची ती पाटी मी लिहिली होती.

टाळेबंदी उठून ऑफिस पुन्हा सुरू झालं, ते दिवस मला अजूनही धड जागेपणी घडल्यासारखे वाटत नाहीत. आमचं ऑफिस जुने नकाशे जपणारं. आधी निम्म्या माणसांनी यायचं, मग सगळ्यांनी. मंडईवरून चालत निघालो की कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारल्याचा आवाज ऐकू यायचा, इतकी शांतता. ऑफिसच्या जिन्यापासून फरशीवर चुन्याचे गोल आखले होते आणि त्यांत आम्ही पन्नाशीची माणसं लहान मुलांच्या खेळातल्यासारखी उभी. मास्कमधून बोललेलं विहिरीतून आल्यासारखं वाटायचं. टेबलाखाली राहिलेल्या माझ्या चपलांवर हिरवट मखमल उगवली होती. खिडकीतल्या उन्हात धूळ सावकाश उतरायची, जणू तिलाही कुणी अंतर ठेवायला सांगितलं होतं.

शेजारचं टेबल खडकीहून येणाऱ्या सहकाऱ्याचं. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे. दवाखान्यात तीन आठवडे काढून आले होते. बरे झाल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, पण खोकला राहिला होता. कोरडा, दर पाच-सात मिनिटांनी. प्रत्येक वेळी ते हात वर करून सगळ्यांची माफी मागायचे.

"जुना भाडेकरू आहे हो. निघता निघत नाही."

सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि श्वास रोखून मनात आकडे मोजायचो. घरी ऐंशीची आई होती. हे कारण मी स्वतःला खूप वेळा दिलं. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. लांब बसा, एवढं त्यांच्या तोंडावर म्हणायची माझ्यात धमक नव्हती, खरं म्हणजे एवढंच.

पलीकडे शनिवार पेठेतल्या बाई बसायच्या. नकाशांवर गावांची नावं हाताने लिहायचे, त्या काळातल्या. मी नोकरीला लागलो तेव्हा अक्षर काढायला मला त्यांनीच शिकवलं. ऑफिसातल्या पाट्याही त्यांच्याच. नळावर होती: "हा नळ आपोआप बंद होत नाही. वाट पाहून झाली आहे." कुणी विचारलं की बाईंचं उत्तर ठरलेलं, "मी नाही हो लिहिलं," आणि मान खाली. आमच्याकडचा तो खेळच होता. पाटी लागली की सगळ्यांनी बाईंकडे बघायचं आणि बाईंनी कानांवर हात ठेवायचे.

त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. काळी शाई, रुंद टोकाचं पेन, बाईंनी शिकवलेलं अक्षर. "खोकला ही खासगी मालमत्ता आहे. कृपया घरी ठेवून यावी." खडकीच्यांच्या टेबलामागच्या कपाटावर चिकटवली. फार छान जमली म्हणून दोन पावलं मागे जाऊन बघितली. त्या बघण्याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

"बाई, कमाल केलीत!" दहा वाजता सगळे जमल्यावर एक जण ओरडला.

"मी नाही हो लिहिलं."

हशा.

"अहो, खरंच सांगते, मी नाही."

आणखी मोठा हशा. खडकीचे पाटीसमोर उभे राहिले. दोनदा वाचली त्यांनी. "अक्षर मात्र सुरेख," म्हणाले, आणि आलेला खोकला दाबत जिन्यात गेले.

मग ते जिन्यातच डबा खायला लागले. वीस वर्षं बाईंची लसणीची चटणी त्यांच्या डब्यात जायची आणि त्यांच्या घरची भाकरी बाईंच्या. एकत्र बसणं बंद झालं तेव्हाही बाई चटणीची पुडी त्यांच्या टेबलावर ठेवायच्या. आता ती संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहायची. चौथ्या दिवसापासून बाईंनी ठेवणं सोडलं. पाटी त्यांनीच काढली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. मग माझ्याकडे आल्या.

"तुम्ही लवकर येता ना? कुणाला पाहिलंत का हो?"

"नाही बाई."

"बरं."

मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत काय होतं, ते मला तेव्हा वाचता आलं नाही. नंतर वाचायचा मी प्रयत्नही केला नाही.

वर्ष संपायच्या आत खडकीच्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. गर्दी नको म्हणून निरोप जिन्यातच झाला, पाच मिनिटांत. बाई आपल्या टेबलावरून उठल्या नाहीत. नकाशावर भिंग धरून बसून होत्या.

गेल्या महिन्यात ते मंडईत भेटले. पेरू निवडत होते. आता सगळं पूर्वीसारखं आहे: तोंडं उघडी, धक्के, भावावरून वाद. मधली वर्षं कुणी तरी गुंडाळून नळकांड्यात घालून ठेवल्यासारखी.

"खोकला?" मी विचारलं.

"अहो, तो तेव्हाच गेला, दोन महिन्यांत. बाई कशा आहेत?"

"पुढच्या महिन्यात रिटायर होतायत."

ते पेरू हातात फिरवत राहिले. "तोंडावर म्हणाल्या असत्या ना, तर मी आपणहून लांब बसलो असतो. इतकी वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. मी धरून बसायला नको होतं, पण मनाला लागलं हो."

मी तोंड उघडलं. मध्ये मास्क नव्हता, चुन्याचे गोल नव्हते. आणि माझ्या तोंडून निघालं, "पेरू गोड आहेत का?"

"घेऊन बघा," म्हणत त्यांनी एक माझ्या पिशवीत टाकला आणि गर्दीत मिसळून गेले. मी किती तरी वेळ तिथेच उभा होतो. माणसं मला चुकवून दोन्ही बाजूंनी जात होती.

बाईंचे ऑफिसातले अकरा दिवस उरलेत. त्या दोघांनाही मी एकच कबुली देणं लागतो: पाटी माझी होती, आणि बाई खरं बोलत होत्या. कागदावर लिहून नाही, दोघांच्या समोर उभं राहून, तोंडाने. ती मी अजून दिलेली नाही.