हळू धावायचा सल्ला

मॅरेथॉनच्या तयारीसाठी चाचणी करायला मी आंबोलीच्या घाटातून कोल्हापूरला गेले. तोंडावर मास्क लावून ट्रेडमिलवर धावायचं. कुठल्या वेगाला शरीर चरबी जाळतं आणि कुठून साखरेवर जातं, ते यंत्र श्वासावरून सांगतं. वेग वाढत गेला. शेवटी थांबवा म्हणून मी हात वर केला.

तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवला. "तुम्ही रोजच फार जोरात धावता. सोबतच्या माणसाशी गप्पा मारता येतील, इतकं हळू धावा."

"सोबत कोणी नाही," मी म्हटलं आणि डोळे भरून आले. त्यांना वाटलं, मी दमले.

रेडीच्या किनाऱ्यावर मी आणि माझी मोठी बहीण शाळेआधी धावायचो. ती माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान, पण माझ्यासाठी रेंगाळायची आणि सगळा वेळ बोलत राहायची. लग्न होऊन ती मस्कतला गेली, तेव्हापासून मी एकटीच धावते.

घरी आल्यावर तिला फोन केला. सगळं ऐकून ती हसली. "मगे हळू धाव गो. कोणाक दाखवूचा आसा?"

"आणि बोलूक तू खंय आसस?"

ती म्हणाली, "माका अजून सपनात पायाक वाळू लागता."

आता मी हळू धावते. तेवढंच अंतर कापायला जास्त वेळ लागतो. मे महिन्यात येईन, असं ती म्हणाली आहे. गेल्या वर्षीही म्हणाली होती.