पाणी तोडलेली कुंडी

नरसिंगचं सांगायचं तर आधी त्याच्या काडीचं सांगावं लागतं. वसमतच्या अंगाला हळद शिजायला लागली की कुकर कुणाचाही असो, काडी नरसिंगची. तुराटीची, सोलून गुळगुळीत केलेली, टाचणीएवढ्या टोकाची. वाफ तोंडावर घेत तो एक हळकुंड उचलायचा, काडी टोचायचा आणि डोळे मिटायचा. काडी कुठं अडली नाही की ओरडायचा, "काढा रे!" मग मालक कितीही मोठा असला तरी त्यानं "थोडं थांबू" म्हणायची सोय नव्हती.

एकदा एका लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं बटाट्याची भाजी वाढली. नरसिंगनं सवयीनं खिशातली काडी काढून बटाट्याला टोचली आणि म्हणाला, "अजून एक वाफ लागती हिला." आचारी झारा घेऊनच धावला! पण पातेलं पुन्हा चुलीवर गेलं, आणि मग तीच भाजी माणसांनी मागून मागून खाल्ली. नवरदेवाचं नाव आज कुणाला आठवत नाही, बटाट्याचं सगळ्यांना आठवतं.

असा हा माणूस. हळदीचं पान बघून जमिनीतला गड्डा सांगायचा. पाला पिवळा पडला की पाणी तोडायचं. वाळला की जमिनीलगत कापायचा. रान थोडे दिवस तसंच उघडं ठेवायचं आणि मग कुदळ लावायची. खाली जेठा गड्डा भरलेला असतो, पुढच्या सालचं बेणं. वर सगळं मेल्यासारखं दिसतं, पण माल खाली असतो. उभ्या आयुष्यात त्याला या गोष्टीनं कधी फसवलं नव्हतं.

त्याच्या घरात एक कुंडी होती. ती त्याच्या लेकीची, आकांक्षाची. आकांक्षा पुण्याला एका कंपनीच्या कचेरीत साफसफाईच्या कामाला होती. कचेरी दुसरीकडं हलली तेव्हा साहेबलोकांनी झाडं तशीच टाकली. त्यातलं एक तिनं उचललं आणि वसमतपर्यंत मांडीवर घेऊन आली. अँथुरियम त्याचं नाव. मोठी हिरवीगार पानं, आणि फूल म्हणजे लाल, चकचकीत, तेल लावून पुसल्यासारखं. मधून एक पिवळसर दांडी. पहिल्यांदा बघणारा हात लावून बघायचाच.

शेजारचा सटवाजी मेंढरं वळायचा. त्यानं तर नखानं टोकरून बघितलं. "नरसिंगभाऊ, हे तर प्लास्टिकचं हाय. पोरीला पुण्यात फसवलं कुणीतरी."

"नख काढा, सटवाकाका!" आकांक्षा ओरडली होती. "तुमच्या मेंढ्यापेक्षा तुमचंच भ्या वाटतं मला."

तिनं कुंडी रांजणाशेजारी ठेवली. रांजणाखालची वाळू कायम ओली, खिडकीतून उजेड येई पण ऊन येत नसे. आईला, जनकाबाईला, तिनं शिकवलं होतं, "माय, ह्याला उजेड पाहिजे, ऊन न्हाई. आपल्या काळ्या मातीत लावू नको, मुळं गुदमरतात. नारळाच्या काथ्यातच राहू दे. बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी." जनकाबाई जुन्या लुगड्याच्या ओल्या बोळ्यानं एकेक पान पुसायची.

पुढच्या सुट्टीला आकांक्षा आली ती डोळे पिवळे घेऊनच. कावीळ. ती म्हणाली, "बाबा, नांदेडला दाखवू." नरसिंग म्हणाला, "दवाखान्यात काविळीला औषध न्हाई, माळ लागती." सेनगावच्या वाटेवर एक माळ देणारा होता. काड्यांची छोटी माळ डोक्यावर ठेवायची. ती दिवसादिवसानं सैल होऊन वाढत जाते, खाली उतरते, आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असं लोक सांगतात. माळ उतरली. गळ्यात आली, कमरेवर आली. नरसिंग गल्लीत सांगत फिरला, "उतरून राहिली, बराबर उतरून राहिली!" माळ गुडघ्याला टेकली तेव्हा पोरीला शुद्ध नव्हती. मग जीप केली, मग नांदेड. तिथल्या डॉक्टरनं डोळ्यांवर बॅटरी मारली आणि एवढंच विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

पोरगी गेल्यावर लोक भेटायला आले तेव्हा जनकाबाई सगळ्यांना एकच सांगायची, "कावीळच लई जोराची व्हती." माळेचं नाव तिनं काढलं नाही. घरात दोघंच असतानाही काढलं नाही. नरसिंग वाट बघायचा, की एकदा तरी ही बोलेल. ती रांजणाजवळ बसून पानं पुसायची.

वर्ष होत आलं. एप्रिलच्या अखेरीला आकांक्षाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करायचा ठरला. पोरगी गेल्यापासून झाडाला फूल नव्हतं, आणि नेमकी मार्चात एका देठाआडून गुंडाळलेली, लालसर कळी डोकावली. जनकाबाईनं ती नवऱ्याला हात धरून दाखवली. कितीतरी महिन्यांत तिनं त्याचा हात धरला नव्हता.

"एकदा उमललं की ह्याचं फूल महिना महिना राहतं, आकांक्षा म्हणायची. तिच्या फोटोपुढं तिच्याच झाडाचं फूल ठेवायचं. हार-बिर काई नको."

आणि त्याच आठवड्यात हिंगोलीहून मुलाचा, रविंद्रचा फोन आला. सून निता बाळंत झाली होती. तिची आई आधीच वारलेली, पहिलंच बाळंतपण, करायला कुणी नाही. जनकाबाईला सव्वा महिना जाणं भाग होतं. कुंडी सोबत न्यावी तर रविंद्रची खोली पत्र्याची, वर बिन सावलीची. निघताना ती उंबऱ्यात थांबली.

"ऐका. रांजणापासून हलवू नका. खत घालू नका. बोट घालून बघा अन् मगच पाणी. तुमची हुशारी हळदीत ठेवा."

"आता मला झाडं शिकवती का तू?" नरसिंग हसला. "सगळा तालुका मला विचारून हळद काढतो."

"म्हनून तर भ्या वाटतं," ती म्हणाली आणि एसटीला गेली.

थोडे दिवस त्यानं नेमानं बोट घातलं. पण कळी तशीच होती. हळदीला ऊन लागतं, माणसाला लागतं. हिलाच काहून नको? कार्यक्रमाच्या दिवशी कळी मिटलेलीच राहिली तर? त्यानं कुंडी उचलून अंगणात आणली. सटवाजीकडून ओंजळभर लेंडीखत आणून मुळाशी घातलं. वरून काळी माती दाबली, झाडाला पायाखाली जमीन वाटावी म्हणून.

सटवाजी काठीवर हनुवटी टेकून बघत होता. "भाऊ, वहिनीनं काय सांगितलं व्हतं?"

"तुझी मेंढरं बघ. पलीकडं कुणाचा भुईमूग खाऊन राहिली."

मार्चचं ऊन. कळी अर्धवट उलगडली आणि कडेनं काळी पडली. पानं तांबूस, मग पिवळी. पहिलं पान पिवळं झालं तेव्हा नरसिंगनं ते बोटांत धरून उजेडाकडं केलं. पोरीचे डोळे आठवले. तो तसाच हळदीच्या कामावर गेला, रानोमाळ पिवळा पाला बघितला, आणि त्याला एकदम धीर आला. अरे, हे तर पिकलं! फुलाचा जोर खाली उतरला. खाली गड्डा भरून राहिला असणार. गड्डा म्हणजे बेणं. एकाची पाच-सहा झाडं होतील. एक रविंद्रकडं, एक विहाराच्या ओट्यावर, उरलेली रांजणाच्या भोवती.

त्यानं फोन लावला. "जनका, फुलाचं मनावर घेऊ नको. त्याहून मोठं काम झालं. झाड पिकलं."

पलीकडं नातू रडत होता. "काय झालं?"

"पिकलं, पिकलं! तू ये, तुझ्या डोळ्यापुढं काढू."

तिनं पुन्हा काहीतरी विचारलं, पण फोन कटला. आणि नरसिंगनं, खरं सांगायचं तर, पुन्हा लावला नाही. त्यानं पाणी तोडलं. पाला वाळल्यावर विळ्यानं कापला, मातीच्या वर बोटभर खुंट ठेवून, अगदी रीतसर. कुणाच्या हळदीचंही त्यानं कधी एवढं जपून केलं नसेल.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी जनकाबाई आली. पिशवी खांद्यावर तशीच. तिनं आधी रांजणाकडं बघितलं, मग अंगणात. कुंडीत काळी, भेगाळलेली माती आणि चार तुटके खुंट.

"अशी रडू नको," नरसिंग घाईनं म्हणाला. ती रडत नव्हती. "बस इथं. माल खाली हाय."

त्यानं खुरपं घातलं. मातीचा पहिला ढेपा निघाला. मग लेंड्या. मग काथ्या, वाळून टक्क झालेला. त्यानं हातानं चाचपलं, आणखी खोल. मुळं निघाली, दोऱ्यासारखी. चिमटीत धरली की साल सरकत होती. गड्डा नव्हता. कुंडीचं बूड लागलं तरी तो चाचपत राहिला. मग खिशातली काडी काढून बुडाच्या मातीत टोचू लागला, इकडं, तिकडं. काडी कुठंच अडत नव्हती.

जनकाबाई त्याच्या शेजारी उकिडवी बसली. आवाज न चढवता बोलली.

"पोरगी पिवळी पडून राहिली तवा बी तुमी असंच हरखला व्हता."

वर्षभर तो ज्या बोलण्याची वाट बघत होता ते आलं, आणि त्याला वाटलं होतं तसं त्यानं काहीच हलकं झालं नाही. तिनं मुळं पदरात गोळा केली. ती मेलीत हे तिला दिसत होतं. तरी रांजणातलं पाणी घेऊन तिनं ती धुतली, काथ्यात परत ठेवली आणि कुंडी जागेवर नेऊन ठेवली.

कार्यक्रमाला मांडव नव्हता, ओसरीतच माणसं बसली. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली आकांक्षाचा फोटो, पुढं मेणबत्ती. फुलं म्हणून बाजारातला झेंडू. वंदना झाली, गाथा झाल्या. चहा फिरू लागला तसे लोक सैल झाले. आकांक्षाची मैत्रीण करुणा सासरहून आली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं.

"मावशी, ते लाल फुलाचं झाड कुठं गेलं? मला फोनवर किती दाखवायची ती."

नरसिंगनं बशी खाली ठेवली.

"उन्हानं गेलं गं, बाई," जनकाबाई म्हणाली. "औंदा ऊनच लई जोराचं हाय."

तोच आवाज. वर्षापूर्वी याच ओसरीत, याच जागी बसून ती काविळीला असाच जोर देत होती. तिच्या पदराखाली तो वर्षभर लपला होता, आणि ती पुन्हा पदर पसरत होती. नरसिंग उठून उभा राहिला. गुडघे करकरले तशी सगळ्यांनी मान वर केली.

"उन्हानं न्हाई गेलं," तो म्हणाला. "तिनं सांगितलं व्हतं काय करायचं. म्या ऐकलं न्हाई. म्या मारलं."

मग सटवाजी खाकरला. "जाऊ द्या भाऊ, एका झाडाचं काय एवढं! वसमतला मिळतात कुंड्या, दुसरं आनू." दोघं-चौघं हसले. करुणा म्हणाली, "व्हय काका, मीच आणून देते." कुणीतरी बटाट्याची गोष्ट काढली, आणि ओसरी पुन्हा बोलू लागली.

तो उभाच होता. त्याला सगळं सांगायचं होतं, माळेपासून. पण ओसरी आता बटाट्यावर हसत होती. जनकाबाई तेवढी हसली नव्हती. तिनं त्याच्याकडं बघितलं. तो कशाबद्दल बोलला ते त्या ओसरीत तिला एकटीला कळलं होतं. तिनं त्याच्या बशीत कपातला गार झालेला चहा ओतला आणि बशी त्याच्या जागेपुढं सरकवली.

"बसा आता," ती म्हणाली.

तो बसला. खिशातली काडी त्याच्या मांडीला टोचत होती. त्यानं ती काढली नाही.