दिवसाची झोप

नीळकंठराव पांढरीपांडे नागपूरहून भोपाळच्या कारखान्यात लागले आणि कारखान्याच्या पिपलानी वसाहतीत क्वार्टर मिळालं, तेव्हा त्यांच्या बायकोला, कमलिनीला, कारखान्यातली पाळी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. भोंगा झाला की नवरा सायकल काढतो, एवढंच तिला माहीत. पाळी बदलली की माणसाची भूक, झोप, पोट सगळंच बदलतं, हे तिला हळूहळू कळत गेलं.

कळलं ते त्यांच्या आजारपणांतून. सर्दी झाली की महिनाभर हटायची नाही. ताप जरा उतरायचा आणि पुन्हा चढायचा. नागपूरच्या नणंदेने ताकदीसाठी च्यवनप्राशची मोठी बरणी पाठवली. बरणी संपली, खोकला तसाच. दुसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी कमलिनीला बाजूला घेतलं.

"ताप औषधानं उतरला," ते म्हणाले. "पण हे रात्री जागतात आणि दिवसा झोपत नाहीत. अंगात ताकद यायची कुठून?"

खरंच होतं ते. रात्रपाळीवरून आले की नीळकंठराव चहा पीत, सिगरेट ओढत आणि शेजारी मिश्रांच्या व्हरांड्यात पत्ते कुटायला बसत. दुपारी जरा डोळा लागला की कुठे कुकरची शिट्टी, कुठे भाजीवाल्याची हाळी, नाहीतर पोरांचं क्रिकेट.

कमलिनीने वाद घातला नाही. तिने खिडकीला जुनी गोधडी ठोकली. ते यायच्या आधी स्वयंपाक उरकायला सुरुवात केली. आल्याबरोबर गरम भाकरी, वरण, परसातली मेथी, जेवणावर पेरूची फोड, आणि मग सरळ अंथरूण. चहा उठल्यावर. सिगरेट मात्र सुटता सुटेना. त्यावरून त्यांची बरीच धुसफूस चाले.

"मी काय आजारी आहे का?" एकदा ते चिडून म्हणाले.

"नाही. होऊ नये म्हणूनच करतेय," ती म्हणाली.

गल्लीचं काम अवघड होतं. पोरांवर ओरडलं तरी पोरं पुन्हा येणारच. म्हणून कमलिनी त्यांच्याबरोबर खेळायला पाण्याच्या टाकीमागची मोकळी जागा पाहून आली, आणि मिश्रांच्या प्रमिलाभाभींना मदतीला घेऊन तिथलं गवत कापलं. भाजीवाल्याला सांगितलं, की तू कोपऱ्यावर थांबत जा, मीच पिशवी घेऊन येते. मराठी बाईचे हे नखरे पाहून बायका आधी हसल्या. पण त्यांचेही नवरे रात्रपाळीला जातच होते. थोड्याच दिवसांत आणखी खिडक्यांना गोधड्या लागल्या.

पुढच्या हिवाळ्यात नीळकंठरावांना सर्दी झाली, पण चार दिवसांत गेली.

अंथरूण धरलं ते कमलिनीने. छाती भरून आली, उठून बसवेना. नीळकंठरावांनी रजा टाकली, मुलीची, सुमनची, वेणी घालायला शिकले आणि रोज खिचडीच केली. दवाखान्यात डॉक्टर तेच होते. त्यांनी तिला तपासलं आणि विचारलं, "तुम्ही कधी झोपता?"

कमलिनी मनात तास मोजू लागली. नवरा कामावर असला की काळजीने तिला झोप यायची नाही. ते घरी असले की कुणी त्यांना उठवू नये म्हणून ती दारात बसून राही. सगळ्यांची पानं झाल्यावर जे उरेल ते ओट्याशी उभ्याउभ्या खाई.

बरी झाल्यावर तिने स्वतःकडे लक्ष द्यायचं ठरवलं, आणि मला वाटतं तिची खरी हिंमत इथेच दिसली. नवऱ्यासाठी सगळी गल्ली गप्प करताना तिला संकोच वाटला नव्हता. स्वतःसाठी दुपारी दार लावून घेताना मात्र लाज वाटली. पहिल्या दिवशी प्रमिलाभाभींनी कडी वाजवली तेव्हा ती धडपडत उठायला लागली. नीळकंठरावांनी खांद्यावर हात ठेवून तिला परत निजवलं, दार उघडलं आणि हळूच सांगितलं, "भाभी, वो सो रही हैं. शाम को आइए."

भाभी संध्याकाळी आल्या आणि चपला न काढताच तिला फिरायला चल म्हणाल्या. दोघी टाकीपर्यंत फिरून आल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. कमलिनी आता सगळ्यांबरोबर ताट वाढून घेऊ लागली, थंडीत सकाळी परसात उन्हाला बसून भाजी निवडू लागली. त्या घरात आजारपणं त्यानंतर आलीच नाहीत असं नाही. पण आली तशी लवकर गेलीही. सिगरेट नीळकंठरावांनी पुढे सुमनच्या हट्टाने सोडली. त्याचं श्रेय कमलिनीने कधी घेतलं नाही.

संध्याकाळच्या फिरण्यात मग गल्लीतल्या बऱ्याच जणी सामील झाल्या. पुढे चालणारी कमलिनी मधूनच थांबून मागे राहिलेल्यांची वाट पाही.