मेक्सिकोचा नट आणि चाचांची रजा

विमान उतरू लागलं तेव्हा बहारीन समुद्रावर वाळत घातलेल्या पिवळ्या चादरीसारखं दिसलं. माझ्या पिशवीत कामगारहक्कांची पत्रकं होती. विमानतळावर न्यायला आलेली ताई लगेच म्हणाली, "ती इथे बाहेर काढायची नाहीत हं."

दुसऱ्या दिवशी तिच्या माहूज वस्तीतल्या घरी दार दुरुस्त करायला सुतार आले. दापोलीचे इब्राहिमचाचा. लेकीचा निकाह पंधरवड्यावर आलेला. रजा मागितली तर मॅनेजर तीनदा म्हणाला होता, "मफी" (नाही). पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. माझं रक्त तापलं. तिथेच दोन पानी जळजळीत अर्ज लिहून दिला. चाचांनी तो घडी करून खिशात टाकला. "शुक्रवारी खोलीवर ये रे बाबा, मच्छी खायला."

शुक्रवारी दुपारी हामूर माशाचं कालवण, भात, आठ माणसं आणि व्हीसीआरवर मेक्सिकोचा चित्रपट. कॅसेट कुणा फिलिपिनो सोबत्याने मागे ठेवलेली. कंबरेखाली घसरलेल्या विजारीचा एक गरीब माणूस साहेबांपुढे बोलतच सुटतो. भाषा कुणालाच येत नव्हती. संवाद चाचाच म्हणत होते: "मी चोर नाय ओ साहेब! चोर असतो तर तुमच्याकडं कशाला आलो असतो? तुमच्याकडं चोरण्यासारखं हाय काय?" खोली हसून लोळली.

सकाळीच पेपरात फोटोसकट वाचलं होतं, हा नट त्याच आठवड्यात वारला होता. गरिबीत वाढलेला, तंबूतल्या खेळांतून वर आलेला. त्याला निरोप द्यायला हजारो माणसं पावसात उभी होती. मी ते सांगितलं. चाचांनी कॅसेट थांबवली, दोन्ही हात उचलून दुवा मागितली.

"आपल्यातलाच व्हता," ते म्हणाले. "यल्ला (चला), लावा परत. त्याला गप नका बसवू."

शनिवारी मी त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो. अर्ज खिशातच राहिला. चाचांनी विजार वर ओढली.

"साब, काजी पूछेगा, लडकी का बाप किधर? लोग बोलेंगे, बहारीन में दरवाजा लगाता है. काजी बोलेगा, तो उसी दरवाजे से आने को बोलो. अब साब, दरवाजा तो मैंने लगाया, मगर चाबी आपके पास!"

मॅनेजरने हसू दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही. कपाट उघडलं. "पंद्रह दिन. खलास!"

परतताना आम्ही एकाच विमानात होतो. "माझा अर्ज फेकलात ना?" मी विचारलं.

"फेकीन कशाला? सोळावा दिवस लागला तर काढीन."

हक्काच्या रजेसाठी माणसाला हसवावं लागतं, याचा माझा राग अजून गेलेला नाही. पण शेजारी चाचा त्या नटाच्या थाटात हवाई सुंदरीकडे दुसरा चहा मागत होते, आणि मला वाटलं, पावसात उभ्या असलेल्या त्या हजारोंत दापोलीचा एक माणूस कमी होता.