दोराखालच्या चिंध्या

सकाळी पलंगावरून खुर्चीत बसवताना सासूबाई रोज "देवा" म्हणायच्या. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं. नवरा पहाटेच दुकानाचा भाजीपाला आणायला निघून जातो, आणि मला सेलूहून सावंगीची बस धरायची असते. मी दवाखान्यात नर्स आहे. एक डोळा घड्याळावर ठेवून मी त्यांच्या बगलेत हात घालायची आणि एका झटक्यात ओढून त्यांना खुर्चीत टाकायची. त्यांचं ते "देवा" मला फार आवडायचं. असल्या हालतीतही बाईचा दिवस देवाच्या नावानं सुरू होतो, असं मी चर्चमध्ये चारचौघींत कौतुकानं सांगितलंही होतं.

मागच्या महिन्यात घरगुती प्रार्थना आमच्याकडे होती. ती दर शुक्रवारी संध्याकाळी एकेकीच्या घरी असते. जिचं घर तिनं पोहे करायचे आणि बायबलातलं वचनही समजावून सांगायचं. मी इस्राएलातल्या एका संदेष्ट्याची गोष्ट घेतली. तो राजाला न रुचणारं खरं बोलला, म्हणून दरबारातल्या लोकांनी त्याला विहिरीसारख्या खोल हौदात सोडलं. आत पाणी नव्हतं, नुसता गाळ, आणि तो गाळात रुतत चालला. शेवटी राजवाड्यातल्या एका परदेशी नोकराला त्याची दया आली. राजाची परवानगी काढून तो दोर घेऊन आला, पण ओढायच्या आधी त्यानं जुन्या चिंध्या खाली सोडल्या आणि सांगितलं, या बगलेत घाल, मग दोर घे.

इथं मी थांबले. कुठं थांबायचं ते मला बरोबर कळतं. मग म्हणाले की दोर काय, कोणीही टाकेल. देव नुसता जीव वाचवून हात झटकत नाही, दोर काचू नये याचीही काळजी घेतो. बायांनी माना डोलावल्या, एकीनं डोळे पुसले, आणि मी मनातल्या मनात आपली पाठ थोपटून घेतली.

शेवटी साक्ष असते. देवानं आपलं काय भलं केलं ते ज्यानं त्यानं सांगायचं. सासूबाई खुर्चीतूनच बोलल्या, "मले रोज सकाळी माही सून उचलते. देवानंच देली मले." सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या.

सासूबाईंच्या अंगावर चहा सांडला होता. एरवी आंघोळ-कपड्यांचं दुपारी नणंद येऊन बघते, पण त्या दिवशी बाया गेल्यावर मीच त्यांचं पोलकं बदलायला घेतलं. दोन्ही बगला काळ्यानिळ्या झाल्या होत्या आणि एका ठिकाणी कातडी सोलली होती. वॉर्डात कुणी पेशंटला असं बगलेत धरून ओढलं तर मी शिकाऊ पोरींना सगळ्यांसमोर झापते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

"आई, काऊन सांगतलं नाई तुम्ही?"

त्या पोलक्याच्या बटणाशी चाळा करू लागल्या. मग म्हणाल्या, "तू नाई उचललं तं कोन उचलन मले?"

म्हणजे बाई मला भीत होती. नणंदेलाही तिनं बोलू दिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. मघाची ती साक्ष देवासाठी होती की माझी मर्जी राखण्यासाठी, हे मी विचारलं नाही. तेवढी हिंमतच झाली नाही. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले. जुन्या सुती लुगड्याची जाड घडी करून ती त्यांच्या पाठीमागून घेतली आणि त्या घडीला धरून, वॉर्डात करते तसं, सावकाश त्यांना खुर्चीत बसवलं. बस चुकली. मी "देवा"ची वाट बघत होते, पण त्या काहीच बोलल्या नाहीत. इतके महिने मी ज्याला प्रार्थना समजत होते, ते कण्हणं होतं.

खुर्चीत नीट टेकल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आज सुट्टी हाये का तुले?"